ऋतुजाचा इंटरव्ह्यू आणि माझं तोंड

८ जानेवारी
या फ्लॅटात दार लावता येईल अशी एकच खोली, ती माझी. आता नातीची झाली. ऋतुजाचा पुण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे, घरूनच, कॉम्प्युटरवर. दिवस अजून कळवलेला नाही. टेबल माझ्या खाटेच्या पायथ्याला लावलंय. तिचं तोंड माझ्याकडे, पाठ दाराकडे. नेट म्हणे इथंच नीट येतं. मी कुठं जायचं? गुडघ्यामुळे जिना नको वाटतो, हॉलमध्ये टीव्ही बंद. पडून राहतो.
ती दिवसभर पुटपुटते. सीडी, एलएस, ग्रेप. विचारलं तर म्हणाली, मशीनला द्यायचे हुकूम आहेत, आखडून लिहिलेले.

१० जानेवारी
आज नवीनच काळजी. या हुकमांना एक उच्चार नाही! नवीन फोल्डर करायचा जो आहे त्याला क्लासचे सर एमके-डीआयआर म्हणतात, हिची मैत्रीण मेकडिर. दुसरा एक आहे, कुणी सूडू, कुणी सूडो. एका फोल्डरला कुणी ई-टी-सी, कुणी एटसी.
म्हटलं, "अगं, एक काय ते पक्कं कर. तिथं चुकलं तर?"
"कुणाचंच चुकत नाही, आजोबा. लिहिताना अक्षर चुकलं तर मशीन ऐकत नाही. म्हणताना मात्र ज्याला जमेल तसं म्हणायचं."
हे सांगताना चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो. नंतर लक्षात आलं. एम, एस, एल म्हणताना तोंड आधीच उघडं असतं. तिला ते सोपं जातं, शब्द अडत नाही. म्हणून सूडू न म्हणता ती एस-यू-डू म्हणते. आपल्या मराठीत अशी सोय नाही. पाण्याला पाणीच म्हणावं लागतं.
घरात या गोष्टीला नाव नाही. आम्ही 'ते' म्हणतो. आज 'ते' कमी आहे. पाहुण्यांपुढं 'ते' नको व्हायला. तिची अक्षरं मी वहीतही तोडून लिहिणार नाही.

१३ जानेवारी
सराव. मी समोर बसून ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, ही तिची अट.
जमलं नाही. माळशिरसला पिठाच्या गिरणीत जन्म गेला. पट्टा फिरायला लागला की गिऱ्हाइकाचं ऐकू येत नसे. ओठ बघून ओळखायचं, बाजरी की गहू, जाड की बारीक. हिचे ओठ मिटले की शब्द मला दिसतो आणि माझ्याच तोंडून निघतो. तोही गिरणीतल्या आवाजात. माझं हळू बोलणं शेजारच्या फ्लॅटात जातं.
"आजोबा! परत?"
"मदत केली गं."
"मदत नको की. माझा शब्द तुम्ही खाताय."
रागावली. जेवताना भाकरी वाढून घेतली नाही. गड्ड्याच्या यात्रेला जाऊ म्हटलं, तर अभ्यास आहे म्हणाली.

१७ जानेवारी
ऋतुजाचा बाप दिलीप ऑफिसातून आला तो ठरवूनच. "अण्णा, हा इंटरव्ह्यू झाला नाही तर मोहोळच्यांना होकार कळवतो. किती दिवस लटकत ठेवायचं?"
मोहोळचे लोक दिवाळीत बघून गेले. दिलीपनं आधीच सांगून ठेवलं, मुलगी मितभाषी आहे. मुलाची आत्या म्हणाली, "बरंच हाय की! आमच्यात बोलणारी लई हायत." सगळे हसले. ऋतुजानं पोहे दिले, नाव तेवढं सांगितलं. नाव नीट निघालं म्हणून दिलीपला हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला लिहू.
पण लग्नानंतर किती दिवस मितभाषी राहणार? जन्मभर? हे दिलीपला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. बीपीची गोळी सकाळी घेतली का, आठवत नाही.

२० जानेवारी
बिन नावाचा एक फोल्डर आहे. त्याला दुसरी वाट नाही. सगळे बिनच म्हणतात, आणि सुटी अक्षरं म्हणावीत तर पहिलं 'बी'च. ओठ मिटायलाच लागतात.
"कचऱ्याचा डबा म्हण की."
"आजोबा, त्यात कचरा नसतो. सगळे हुकूम त्यातच राहतात."
"मग त्याचं नावच घेऊ नको."
"विचारलं तर?"
विचारणारच. असं असतं तेच विचारतात.

२३ जानेवारी
झालं.
ठरलेल्या वेळेच्या आधीच पुण्याहून फोन, आत्ताच जोडा. मी खाटेवर आडवा, बनियनवर. दार तिच्या पाठीमागं, उठून गेलो तर कॅमेऱ्यात दिसणार. तिनं हातानं खूण केली, पडून राहा. मोबाईल उशीखाली दाबला. खोकला आला, चादरीत गिळला. नाकावर माशी बसली तरी हललो नाही.
सुरुवात चांगली. पलीकडे एक बाई, एक पुरुष. बोलणं इंग्रजी, मला ओळखीचे तेवढेच शब्द कळत होते. ती ई-टी-सी म्हणाली, तो एटसी म्हणाला. पुढच्या वेळी ती पुन्हा ई-टी-सीच म्हणाली. कुणी हसलं नाही. वाटलं, निभावलं.
मग त्यानं काहीतरी विचारलं आणि तिचे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. मान ताठ, डोळे एका बाजूला. मी चादर दातात धरली होती. कधी सुटली कळलं नाही.
"बिन!"
अख्ख्या बिल्डिंगनं ऐकलं असेल.
बाई मराठीतच म्हणाली, "खोलीत कोण आहे? कॅमेरा फिरवा."
फिरवला. स्क्रीनवर मी मलाच दिसलो. बनियन, तोंडाशी चादर.
"उत्तरं हे सांगतायत का तुम्हाला?"
"न्हाय ओ बाई! मी सातवी शिकलेला, मला काय कळतंय..."
"आजोबा, थांबा."
तिनं कॅमेरा स्वतःकडे वळवला. म्हणाली, "मी अडखळते. उत्तर मला येतं, शब्दाला वेळ लागतो. आजोबांना धीर निघत नाही." हे सांगतानाही ती अडली. कोणी मध्ये बोललं नाही. मग बिन म्हणाली आणि पुढचंही सगळं सांगितलं.
कळवतो, म्हणाले. बंद केलं.
'अडखळते' हा शब्द या घरात पहिल्यांदा कुणी उच्चारला.

२४ जानेवारी
दिलीप माझ्याशी बोलत नाही. सूनबाईनं चहा ठेवला आणि गेली. जेवताना दिलीप ऋतुजाला म्हणाला, "तिथं तसं सांगायची काय गरज होती? उद्या मोहोळला कळलं तर?"
"कळू दे की."
माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. रडलीही नाही. टेबल आवरताना एवढंच म्हणाली, "शब्द येत होता, आजोबा. मी म्हणतच होते."

२९ जानेवारी
मेल आला. सोमवारी पुन्हा घेणार. प्रश्न नवीन. आधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची, आत दुसरं कोणी नको.
दिलीप म्हणाला, कोणी म्हणजे तुम्हीच, अण्णा. मोहोळला त्यानं हा सोमवार उलटेपर्यंत थांबायला सांगितलंय. आत्याबाई फोनवर म्हणाल्या म्हणे, पोरीलाच द्या की फोन. दिलीपनं दिला नाही.

२ फेब्रुवारी
वही घेऊन खाली पार्किंगमध्ये बसलोय. ऋतुजानंच हात धरून उतरवलं. प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, गोळी कागदात. "वर येऊ नका. मी येते खाली सांगायला." गेली.
वर दार लागलं असेल. इथून फक्त खिडकीची जाळी दिसते. लाईट जाऊ नये. वरचा सुतार आज ठोकठोक करू नये. पाण्याचा टँकर आलाय, त्याची मोटर चालू, तिला तिकडं ऐकू येत असेल का? वॉचमन विचारतो, बाबा, घरात भांडण झालं काय? नाही म्हटलं.
पुन्हा बिन विचारलं तर? तिचं ती म्हणेल. नाही जमलं तर मोहोळ. नाही, असं लिहायचं नव्हतं.
टँकर गेला. एकदम शांत झालं. किती वेळ झाला कळत नाही.
जिन्यात चपला वाजतायत. तीच.
दुसऱ्या मजल्यावर थांबलीय. पुढं आवाज नाही. हाक मारावीशी वाटतेय, काय झालं गं पोरी? जीभ दातांखाली धरलीय. उतरू दे तिला.