बंद शेगडीवरचे पोहे

शनिवार पेठ, बुधवार

प्रिय केयूर,

फोनवर तू 'हो आई, बरं आई' म्हणत राहतोस आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून हे पत्र. मी बोलतेय आणि फोन टाइप करतोय. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या, बाकी सगळं माझं. सावकाश वाच. डोळे दमले तर तुझ्या फोनलाच वाचून दाखवायला सांग, मीही तसंच करते.

आधी मुद्द्याचं. गॅस मी देणार नाही. गेल्या रविवारी मी केलेला चहा पीत पीत तू सांगितलंस, की माझा स्वयंपाक आता बंद, पहिल्या तारखेपासून डबा येईल आणि येत्या रविवारी शेगडी-सिलिंडर न्यायला माणूस घेऊन येशील. मला विचारलं नाहीस, कळवलंस. तर मीही कळवते. तो माणूस आला तर त्याला जिन्यावरूनच परत पाठवीन, आणि डबा मी आज सकाळी फोन करून रद्द केलाय. त्या डबेवाल्या बाई फार गोड बोलत होत्या, सारख्या आजी आजी करत होत्या. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि मला अजून नातवंड नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलं.

मागच्या आठवड्यात दूध करपलं, हे खरं. पातेलं काळंठिक्कर झालं. समोरच्या निशाला तिच्या खिडकीतून धूर दिसला, तिने आधी तुला फोन केला आणि मग ती माझ्याकडे धावली. पण वीस वर्षांत पहिल्यांदाच दूध का करपलं, हे तू विचारलं नाहीस. मी दुधात एक छोटी वाटी सोडते. उकळी आली की ती पातेल्यात खडखडायला लागते आणि मी गॅस बंद करते. त्या दिवशी तू दिवाळीत हौसेने बसवलेली चिमणी चालू होती, कारण ती रोज लावत जा असं तू बजावलं होतंस. तिच्या घरघरीत मला वाटी ऐकू आली नाही, आणि करपल्याचा वास माझ्या नाकापर्यंत येण्याआधीच तिने बाहेर नेऊन अख्ख्या पेठेला वाटला. मला सोडून सगळ्यांना कळलं.

त्याच्याआधी राजनंदिनीने माझे मसाल्याचे डबे बदलले होते. मोहरीच्या डब्याला एक रबर, जिऱ्याच्या डब्याला दोन, हळदीचं झाकण चेपलेलं, अशी माझी व्यवस्था. तिने सगळे चौकोनी, एकसारखे डबे आणले आणि त्यांच्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत नावं चिकटवली. सूनबाई मनाने चांगली आहे. चूक लक्षात आल्यावर माझ्याशेजारी फरशीवर बसून तिने स्वतः सगळी रबरं परत चढवली. तू मात्र ती इंडक्शन आणलीस. सुरक्षित, म्हणे. मी वरून हात फिरवला तर नुसती गुळगुळीत काच, एकही बटण हाताला लागेना. आंधळ्या आईला सपाट काच आणून देणारा इंजिनिअर माझ्याच पोटी यावा, काय म्हणायचं.

तू आठवीत होतास तेव्हा माझं उरलंसुरलं दिसणं गेलं. तुला आठवत असेल, सहा महिने आपण खानावळीचा डबा खाल्ला. तुझे बाबा म्हणायचे, जेवण मिळतंय ना वेळेवर, मग झालं. मी दिवसभर भिंतीला टेकून त्या डब्याची वाट बघत बसायचे. माझ्या आयुष्यात इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मग कुणीतरी आंधळ्यांना घरकाम शिकवणाऱ्या मुक्ताईंचं नाव सांगितलं. त्या स्वतः जन्मांध, कसबा पेठेतून काठी टेकत चालत यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सिलिंडर बंद करायला लावला. मला वाटलं, झालं, आता ह्या मला दोन उपदेश करून निघून जाणार. तर त्या म्हणाल्या, "हं, करा आता पोहे." बंद शेगडीवर, रिकाम्या कढईत. असा मी महिनाभर न पेटलेल्या शेगडीवर स्वयंपाक केला. बर्नरचा मध्य कुठे, कढईचा कान कुठल्या बाजूला, उलथनं ठेवलं तिथेच परत सापडतं का. हातांची वाट पक्की झाल्याशिवाय विस्तव पेटवायचा नाही, हा त्यांचा नियम. महिन्याने त्यांनी काडी माझ्या हातात दिली तेव्हा माझा हात चुकला नाही.

पुढचं नाकाने आणि कानांनी शिकवलं. कच्चा रवा उलथन्याला जड लागतो, भाजत आला की हलका होऊन घसरायला लागतो. मोहरीची तडतड ओसरली की हिंग टाकायचा. भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजायचं. पोळी फुगली की वाफ मनगटाला कळते. तुझे दहावी-बारावीचे डबे, तुझं केळवण, सगळं याच हातांनी झालं. तेव्हा तुला कधी भीती वाटली नाही. मग आताच एवढी कसली वाटते?

गेले तीन दिवस मी याचाच विचार करतेय. रविवारी तू आलास तेव्हा तुझ्या मोटरसायकलचा आवाज आला नाही. तीन महिने झाले, तू रिक्षानेच येतोस. पूर्वी जेवून नऊला निघायचास, आता साडेपाच वाजले की तुला ट्रॅफिक आठवतो. मागे एकदा म्हणालास, आई, किती अंधार ठेवतेस घरात, आणि नवा बल्ब आणून लावलास. निशा म्हणते, त्या बल्बने तिचे डोळे दिपतात. रविवारी चहा ठेवला तर तुझा तळहात टेबलावरून घासत घासत कपापर्यंत गेला. तो आवाज मला ओळखता येतो रे, वीस वर्षं मी तोच करतेय. आणि जाताना तू उंबऱ्याला ठेचकाळलास, ज्या घरात लहानाचा मोठा झालास त्या घराच्या.

लोणी काळभोरला माझ्या वडिलांना, तुझ्या आजोबांना, दिवेलागणीनंतर शेताच्या बांधावरून हात धरून आणावं लागायचं. कुणी विचारलं की म्हणायचे, "मला समदं दिसतंय, तुमीच अंधारात हाय." मीही तुझ्याच वयाची असताना अशीच दोन वर्षं थापा मारत काढली. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार घराण्यात उतरू शकतो, मुलाचे डोळे तपासत राहा, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. कॉलेजला गेल्यावर तू तपासायला जायचं सोडलंस आणि मीही आग्रह सोडला. काही निघालंच तर ऐकवणार नाही म्हणून सोडला. ही चूक माझी आहे आणि ती मला फार सलते.

राजनंदिनीला तू सांगितलंयस की नाही, मला माहीत नाही. माझा अंदाज चुकला असेल तर रविवारी येऊन मला पोटभर हस, मला आनंदच होईल. चुकला नसेल तर सोमवारी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ, रिक्षाचं मी बघते. मी ही शेगडी का सोडत नाही, ते आता तुला कळलं असेल. ती मला तुझ्यासाठी हवी आहे. भिंतीला टेकून डब्याची वाट बघत मी तुला बसू देणार नाही. तेव्हा त्या माणसाला घरीच ठेव, राजनंदिनीला घेऊन ये आणि उजेड आहे तोवर ये. सिलिंडर बंद करायचाय ना तुला? कर, तुझ्याच हाताने कर. पहिला महिना तो बंदच ठेवायचा असतो. कढई मी काढून ठेवलीय. पोह्यांपासून सुरुवात करू.

तुझीच,
आई