आपल्या माणसाला प्लीज

आई,

आज जो धक्का बसलाय तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे आखातात, हमद टाउनला आमच्या शेजारी एक चिनी कुटुंब राहतं. त्यांची लेक चार वर्षांची. दोनची होती तेव्हा नुसतं बोट दाखवून आईला ओढायची, मग एकेक शब्द आला, आणि आता चक्क हुकूम सोडते, "मा, पाणी!" मला वाटायचं, काय बाई हे वळण. माझी सहा वर्षांची पोर बघ, प्लीज म्हटल्याशिवाय तिला मी बिस्किटसुद्धा देत नाही. काल चहाला गेले आणि राहवेना, म्हणून विचारलंच तिच्या आईला, हिला प्लीज शिकवत नाहीस का? ती म्हणाली, शिकवते की, बाहेरच्यांसाठी. जरा मोठी झाली तशी पोरगी मागून झाल्यावर 'चालेल ना?' असं आपणहून जोडायला लागलीय, कारणंही सांगते. "पण घरात प्लीज कशाला? मी काय परकी आहे?"

मी कप खाली ठेवला. अगं, हे तुझं वाक्य! आठवतं? मी इथून पहिल्या सुट्टीत घरी आलेय, तू ताटात गरम थालीपीठ टाकतेस, मी 'थँक यू' म्हणते आणि तुझा उलथनं धरलेला हात तिथेच थांबतो. "मी काय परकी आहे का गं?" मी बाबांकडे बघून हसले होते. तू त्या दिवशी आमच्यात जेवायला बसली नाहीस, ते लक्षातही आलं नाही माझ्या.

आज घरूनच काम होतं. मीटिंग संपवून खोलीचं दार उघडलं, तर पोर बाहेर जमिनीवर बसलेली, अंग तापाने भाजतंय. हाक का नाही मारलीस, म्हणून मी ओरडलेच. तर ती इंग्रजीत हळूच म्हणाली, "तू बिझी नसशील तर प्लीज थोडं पाणी मिळेल?" पोटची पोर माझ्याकडे परक्या बाईसारखं पाणी मागत होती, आणि हे मीच शिकवलं होतं. पाणी पाजलं, मांडीवर घेतलं, म्हटलं, नुसतं 'आई, पाणी' म्हणायचं गं. ती माझ्याकडे बघत राहिली, आता ही कुठली नवी शिस्त म्हणून.

तू नाहीस, मग हे पत्र मी कुठे टाकणार? तू आजारी होतीस तेव्हा फोनवर एकच शब्द बोललीस, "ये." मला लीव्ह मिळत होती, आई. मी म्हणाले, "प्लीज, समजून घे ना."