चौथी अंगठी

४ मार्च
लेक जेवताना दोनदा स्वतःशीच हसली. विचारलं तर म्हणाली, सापडलंय बहुतेक. तीन वर्षं हीच शोधाशोध!

मला समजलं ते असं — दोन मेलेले तारे, एकेक शहराएवढाच पण सूर्याहून जड, एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात. त्यानं अवकाश थरथरतं, ती लहर लेकीच्या संस्थेतल्या यंत्रात उमटते. ताऱ्यांच्या पोटात न दिसणारं द्रव्य साचलेलं असलं, तर शेवटच्या फेऱ्यांत लहर केसभर बदलते. हिला तसा बदल दिसलाय. ते द्रव्य दिसत नाही, नुसतं वजनानं कळतं म्हणे. मी म्हटलं, देवासारखंच की.

"आई, देवाला वजन नसतं. त्याला यात ओढू नकोस."

५ मार्च
पण एक मेख आहे. लेकीचे वरिष्ठ कधीकधी खोटी लहर गुपचूप मिसळून ठेवतात — पोरं जागी आहेत का बघायला. मिसळली की नाही, ते बंद पाकिटात. सगळं लिहून पुरं झालं की मगच उघडायचं. मिसळली असेल तर? "तर सराव झाला म्हणायचं," म्हणाली, आणि भात चिवडत बसली.

पाकीट उघडेपर्यंत माझा चहा बिनसाखरेचा, देवापुढे बोलून बसले. हे म्हणाले, देवाचंही झालं, घरची साखरही वाचली.

११ मार्च
साखर पाऊण किलो शिल्लक.

१९ मार्च
लेकीला घास उतरेना. म्हणून माझं जुनं सांगितलं. नवी नवरी होते तेव्हा सासूबाई गादीखाली अंगठी ठेवायच्या — सून परत देते का बघायला. मी ओळखलं होतं. राग गिळून चारही वेळा नेऊन दिली.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "चार कुठल्या? मी तीनदाच ठेवली."

लेकीचा हात थांबला. "म्हणजे एकदा खरंच हरवली होती?"

"असेल बाई. ही दरवेळी तेच तोंड करून आणून द्यायची. मला कळावं कसं?"

मीही एकतीस वर्षं चारही वेळा परीक्षाच समजत होते. लेकीनं मात्र भात पुन्हा मागून घेतला.

२७ मार्च
पाकीट उघडलं. आत कोरा कागद. कुणी काही मिसळलं नव्हतं.

लेक ते पाकीट मागून घरी घेऊन आली. आलेली पाकिटं मी उलटून, चिकटवून पुन्हा वापरते. हे पाकीट नाही वापरणार.