वार पुरायची राहिली

प्रिय ज्ञाना,

हे पत्र डिंकाच्या लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवलंय. करणदादा डबा तुझ्याच हातात देणार आहे, तशी तंबी दिलीय त्याला. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर; आपण बहिणी बोलायला लागलो की तुझ्या सासूबाई, जाऊबाई आणि बहुतेक गोठ्यातली म्हैससुद्धा ऐकत असते. तेव्हा लाडू खात खात एकटीनं वाच. परवा बारशाला कर्जतला तुला पाहून आले तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

इकडे शेवगावला सगळं ठीक. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. आई अजून माझ्याकडेच आहे. गुडघ्याचे टाके निघाले, आता वॉकर घेऊन अंगणात फिरते आणि सगळ्यांना कामं सांगते. ऑपरेशनमुळे तुझं बाळंतपण माहेरी करता आलं नाही, हे काही तिच्या मनातून जात नाही. ओम पहिलीत गेलाय, पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त संपवतो.

त्याच्या जन्माच्या वेळचंच सांगायचं आहे. तू तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होतीस, परीक्षा होती, तुला कोणी काही कळू दिलं नाही. मी माहेरी होते. पाचवीला आईनं पाटा पुजला, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. ती बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून त्या रात्री जागायचं असतं, तशी मी जागले. पण मग दुसऱ्या दिवशीही झोप आली नाही, नंतरही नाही. बाळ झोपलेलं आणि मी टक्क जागी. शेजारच्या केशरबाई म्हणाल्या, ‘लई जीव हाय पोरीचा लेकरावर, डोळ्याला डोळा लावत न्हाई.’ ज्ञाना, कौतुक झालं गं माझं. रडत नाही, काही मागत नाही, गुणाची बाळंतीण! मला मात्र काहीच वाटत नव्हतं. ओमला पाजताना कुणीतरी आपलं मूल जरा वेळ धरायला दिलंय असं वाटायचं. एकदा आईला विचारलंसुद्धा, हे लेकरू कुणाचं गं? आई हसली, केशरबाई हसल्या, त्यांच्याबरोबर मीही हसले. मळ्यातल्या विहिरीकडे जाणं मी बंद केलं होतं. का, ते कुणाला सांगितलं नाही. आज तुला सांगतेय.

लक्षात आलं ते आमच्या ह्यांच्या. भेटायला आले तेव्हा म्हणाले, तू एकदाही त्याला नावानं हाक मारली नाहीस. मग जे रडू फुटलं ते थांबेचना. आईनं लगेच कारण शोधून काढलं. बाळामागून पडते ती वार आपल्याकडे अंगणात खड्डा करून, हळदकुंकू वाहून पुरतात ना; दवाखान्यात ती कुणी हातात दिली नाही. आईचं म्हणणं, वार परक्या जागी गेली, म्हणून पोरीचं मन तिच्यामागं गेलं. ह्यांनी मला नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर त्यांनाही तिनं हेच ऐकवलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुरण्या-न पुरण्यानं काही होत नाही, आजी, पण वारेशी याचा संबंध असू शकतो. नऊ महिने ती बाळाला पोसते, शिवाय आईच्या रक्तात हार्मोन्स सोडत असते, एरवीच्या कितीतरी पट. ती पडली की थोड्याच दिवसांत ते एकदम खाली येतात. प्रत्येकीचेच येतात, काहींच्या मनाला ती घसरण सोसत नाही. नेमकं असं का, हे अजून पुरतं कळलेलं नाही. त्यात जागरण, थायरॉईड, काळजी असं बरंच मिसळलेलं असतं. मी ऐकतच राहिले. एक अख्खा अवयव शरीरानं नव्यानं घडवायचा, काम झालं की टाकून द्यायचा, आणि ते ज्या बाईच्या पोटात चाललंय तिला पत्तासुद्धा नाही! आपण देवळात गाभाऱ्याकडे बघतो तशी मी माझ्याच पोटाकडे बघत बसले. मी वाईट आई नव्हते, आजारी होते. हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अंगावर पाजता येईल अशा गोळ्या सुरू झाल्या. रात्रीचं बाळ आईनं घेतलं, म्हणजे मला झोप मिळावी. लगेच काही झालं नाही, बरेच आठवडे गेले. एकदा ओट्यावर कापसाच्या ढिगाशेजारी ओमला निजवलं होतं. नाकात तंतू गेला आणि तो शिंकला, मग स्वतःच्याच शिंकेला दचकला. मला खुदकन हसू आलं. उचलून त्याच्या टाळूचा वास घेतला आणि अंगावर काटा आला. वास रोजचाच असणार, मला तो आत्ता आला. मी म्हणाले, ओम. अजूनही तो शिंकला की मी हातातलं काम टाकून बघत राहते, आणि तो वैतागतो.

आता बारशाचं. तुझ्या नणंदेनं नाव ठेवलं, कानात कुर्र झालं, बायका पाळण्यावर वाकल्या, आणि तू म्हणालीस, ‘लई गोड हाय की गं, कुणाची म्हनायची?’ सगळ्या हसल्या, हसून हसून तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तूही हसलीस, पण पाळण्याकडे न बघता. म्हणून हे पत्र. एका बहिणीला झालं तर दुसरीलाही होऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. रविवारी आम्ही गाडी घेऊन येतोय, सोमवारी त्यांच्याकडे जायचं. सासूबाईंशी मी बोलेन, तू नुसती माझ्या शेजारी बस. तोवर एकटी राहू नकोस. जीव नकोसा वाटला तर त्या क्षणी मला फोन कर, स्पीकरवर असला तरी कर. म्हशीनं ऐकलं तरी चालेल. आणि कुणाची म्हणून विचारलंस ना? तुझीच आहे ती. तुला तसं वाटेपर्यंत माझी समज, मी सांभाळते. तिलाही आणि तुलाही.

तुझीच,
सत्यशीलाताई