पडद्याच्या मधोमध डाग

४ मार्च, मंगळवार

चादर! म्हणे चादर लावू!

चिरंजिवांनी ऑफिसातून जुना प्रोजेक्टर आणलाय. जेवणाच्या डब्याएवढा. तिथे नवीन आले, हा कुणालाच नको होता, म्हणून ह्यांनी उचलला. टेबलावर ठेवला, तोंड भिंतीकडे केलं आणि कपाटातून पलंगावरची चादर काढली. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "पडदा. त्याला काय लागतं बाबा, पांढरं असलं की झालं."

पांढरं असलं की झालं! अडतीस वर्षं थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवलं मी, आणि माझ्याच पोटचा मुलगा माझ्याच तोंडावर हे बोलतो. ह्याची फी भरली त्या पडद्याने!

सून मधे पडली. "घरात बाबा असताना तुम्ही कशाला डोकं चालवताय? पडदा बाबा करतील. कापडही तेच निवडतील." तेवीसला, रविवारी, तिच्या ऑफिसातली आठ-नऊ माणसं सिनेमा बघायला येणार आहेत. त्यांना ती सांगूनही बसलीय – आमच्या सासऱ्यांनी केलेला पडदा बघायला या म्हणून.

थिएटर बंद होऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत ह्या घरात मला पहिल्यांदा काम मिळालंय. दूध आणणं हे काम नव्हे.

५ मार्च, बुधवार

चादर नापास. मागे हात धरून उभा राहिलो, प्रोजेक्टर लावला – पाची बोटं पुढून दिसली. म्हणजे निम्मा उजेड आरपार जाऊन वाया. चिरंजीव म्हणाले, "हो की!" हो की म्हणे. इंजिनियर आहे हा.

वर्तमानपत्राची छपाईही दिवसेंदिवस गचाळ होत चाललीय. शब्दाच्या मधलंच अक्षर फिकट. शाईत पाणी घालतात मेले.

७ मार्च, शुक्रवार

सुनेबरोबर कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी मांजरपाट टाकला पुढ्यात. पिवळट! त्यावर धडधाकट माणूससुद्धा काविळीचा दिसेल. मग साटीन काढलं. चकचकीत! मधे उजेडाचा गोळा, कडेला अंधार. पडद्याला चकाकी चालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. हा म्हणतो, "काका, प्रोजेक्टरला सगळे हेच नेतात." नेत असतील. सगळ्यांना अक्कल असती तर ह्याचं दुकान चाललं असतं का?

मी खिशातून बॅटरी काढली. प्रत्येक ठाणाला मागून उजेड मारून बघितला. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. बघू देत. मग डावा डोळा मिटून विणीवरून नजर फिरवली. सुनेने विचारलं, "एकाच डोळ्याने का बघता बाबा?" तिला सांगितलं – केबिनची खिडकी असते वीतभर. तिला एकच डोळा लागतो. अडतीस वर्षं उजवा डोळा लावून पडदा बघितला, आता पारखायचं म्हटलं की डावा आपोआप मिटतो. दोन डोळ्यांनी प्रेक्षक बघतात!

तिला ते फार आवडलं. घरी येईपर्यंत दोनदा हसली.

शेवटी लठ्ठा घेतला. दाट विणीचा, मोठ्या पन्ह्याचा, म्हणजे मधे शिवण नको. मागून काळं अस्तर. आता उजेड पळून जाईल कुठे?

८ मार्च, शनिवार

सुताराने चौकट आणून दिली. सुनेने लठ्ठा धुतला, वाळवला, इस्त्री केली. मी आणि चिरंजिवांनी तो ताणून चौकटीला ठोकला. म्हणजे मी ठोकला, चिरंजीव खिळे सांडत होते.

दुपारी खिडक्या झाकून प्रोजेक्टर लावला. चौकटीचौकटींचं एक चित्र असतं, रेघा सरळ येतात का बघायला. नाही येत! मधे झोळ आहे. रेघा मधोमध पोट सुटल्यासारख्या. मी म्हटलं, सुताराने चौकट वाकडी केलीय. सुनेने कुठूनशी लांब पट्टी आणली, कापडावर लावली. "सरळ आहे हो बाबा." पट्टी वाकडी असेल!

हल्ली कुणाला सरळ रेघ म्हणून मारता येत नाही. आपल्या बाथरूमच्या टाइल्स घ्या. गवंड्याने पिऊन बसवल्यासारख्या. इतके दिवस लक्षात आलं नव्हतं, आता रोज आंघोळीला बसलं की खुपतं.

१० मार्च, सोमवार

पडदा उतरवला, पुन्हा ताणला. पुन्हा झोळ. सुताराला फोन केला आणि त्याची सात पिढ्यांची कारागिरी काढली. तो "बरं काका, बरं काका" करत राहिला. निर्लज्ज!

१२ मार्च, बुधवार

झोळ होता तो होताच, आता डाग! मधोमध, किंचित डावीकडे. करडा, लिंबाएवढा. नुसता पांढरा उजेड टाकला तर स्वच्छ दिसतो. म्हणजे डाग स्वच्छ दिसतो, पडदा नाही.

इस्त्री! दुसरं काय असणार? तापलेली इस्त्री एका जागी ठेवून बाईसाहेब फोनवर बोलल्या असतील. सुनेला बोलावलं, बोट ठेवून दाखवलं. ती अगदी जवळ गेली, लांब गेली, वाकून बघितलं. "मला नाही दिसत बाबा."

डोळे आहेत का बटणं! मी आवाज चढवला. चढवायला नको होता कदाचित. पण तेवीस तारीख काय थांबणार आहे? आणि माझ्या नावाने माणसं येणार आहेत, हिच्या इस्त्रीच्या नावाने नाही.

तिने लठ्ठा उतरवला आणि पुन्हा भिजत घातला.

१३ मार्च, गुरुवार

धुतला, वाळला, ताणला. डाग तिथेच.

१५ मार्च, शनिवार

चिरंजिवांनी फ्लेक्स आणला. रस्त्यावर लावतात ते जाहिरातीचं कापड. पुढे चपलांच्या दुकानाची जाहिरात, मागची बाजू पांढरी. म्हणजे आता मी चपलांच्या पाठीवर सिनेमा दाखवायचा! पण झोळ पडत नाही म्हणाला, म्हणून लावून बघितला.

डाग! तोच, तिथेच!

आमचे मोठे ऑपरेटर सांगायचे – बिघाड सापडत नसेल तर बोंब मारू नका. एका वेळी एकच वस्तू बदला. बदलत बदलत गेलं की बिघाड स्वतःहून हात वर करतो. त्यांच्या ह्या एका वाक्यावर मी अडतीस वर्षं काढली, शो बंद पडू दिला नाही. आता कापड बदललं, तरी डाग आहे. म्हणजे बिघाड कापडात नाही. प्रोजेक्टरच्या भिंगात असणार.

मग इस्त्रीचं काय? सुनेला तसं सांगायला हवं का? बघू. इस्त्री ती जपून करते असं काही सिद्ध झालेलं नाही.

१६ मार्च, रविवार

भिंग पुसलं. चष्म्याच्या फडक्याने, फुंकर मारून, जसं केबिनमध्ये पुसायचो तसं. डाग आहे.

संध्याकाळी टॉर्चवाला आला. थिएटरात अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायचा, तेवढ्यावर स्वतःला सिनेमातला माणूस समजतो. त्याला मुद्दाम बसवलं. पाय पसरून म्हणाला, "झकास आहे की रे! आपल्या थिएटरपेक्षा चांगला." डाग? "कुठला डाग?"

ह्याला काय दिसणार? जन्मभर पडद्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस! जाताना म्हणाला, "तू तेव्हाही असाच किरकिरा होतास. अजून एक डोळा मिटून बघतोस होय?" आणि हसला. चहा मात्र दोनदा प्यायला.

१८ मार्च, मंगळवार

आज वाईट झालं.

चिरंजिवांनी ऑफिसातला नवा प्रोजेक्टर एका दिवसासाठी मागून आणला. डाग. पडदा उचलून समोरच्या भिंतीला लावला. डाग. मी म्हटलं, आता लठ्ठाच पुन्हा लावा. लावला. डाग! सून आणि चिरंजीव एकमेकांकडे बघत होते. ते बघणं मला कळतं. म्हाताऱ्याचं काहीतरी चाललंय, चालू द्या – असलं बघणं.

मी म्हटलं, तुम्ही दोघं मला वेड्यात काढताय. सून म्हणाली, "नाही हो बाबा. इस्त्री जुनी आहे, कडेला जरा करपते, पण मधे खरंच काही नाही." म्हणजे करपते! कबूल केलं ना! मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं! काम धड करता येत नाही, वर इस्त्री जुनी. आणि दिसत नाही, दिसत नाही हे एक पालुपद. दिसतंय तुला सगळं. चूक तुझी आहे म्हणून दिसत नाही म्हणतेस. खोटारडी!

हा शेवटचा शब्द मी तिला म्हणालो. ह्या घरात आल्यापासून तिने मला एक खोटं सांगितलेलं मला आठवत नाही.

ती आत गेली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, पुरे." तेवढंच.

१९ मार्च, बुधवार

माझा चहा टेबलावर होता. हाक आली नाही.

२० मार्च, गुरुवार

ती गॅलरीत फोनवर बोलत होती, मी दारातच होतो. "तेवीसचं नको. नाही, काही झालं नाही. पडदा अजून त्यांच्या मनासारखा झालेला नाही, आणि त्यांच्या मनासारखा झाल्याशिवाय मला दाखवायचा नाही."

खोटारडी म्हणणाऱ्या माणसाची बाजू अशी घेत असतात?

मला वाटलं होतं रद्द झालं म्हणजे सुटलो. तसं वाटत नाहीये. दिवसभर कशातच मन लागलं नाही. पडद्याकडे पाठ करून बसलो, टॉर्चवाल्यासारखा.

२१ मार्च, शुक्रवार

सगळं पुन्हा मांडून बघितलं. चादर सोडली तर तीन कापडं म्हणजे लठ्ठा, पुन्हा धुतलेला लठ्ठा, फ्लेक्स. प्रोजेक्टर दोन. भिंती दोन. भिंग पुसून झालं. खिडक्या झाकल्या, उघडल्या. एका वेळी एकच वस्तू बदलली, मोठ्या ऑपरेटरांनी सांगितलं तसं. बिघाडाने हात वर केला नाही. बदलायचं काय राहिलं? काहीच नाही!

ही वहीसुद्धा भिकार. महागातली म्हणून चिरंजिवांनी आणली आणि रेघा मधे फुगलेल्या. छापखान्यात माणसं ठेवलीयत की गाढवं?

झोप येत नाही. डागापेक्षा तो शब्द जास्त टोचतोय.

२२ मार्च, शनिवार

आज आंघोळीत उजव्या डोळ्यात साबण गेला. तो घट्ट मिटून डाव्याने नळ शोधत होतो. टाइल्स सरळ होत्या. एकीखाली एक, ओळीत, गवंड्याने काळजीपूर्वक बसवलेल्या.

उजवा धुऊन उघडला, डावा मिटला. ओळींना पोट सुटलं. मधे करडा डाग, लिंबाएवढा.

ओल्या अंगाने येऊन वही उघडली. उजवा मिटला की रेघा सरळ. वर्तमानपत्राची शाई काळीभोर.

लठ्ठा उत्तम आहे. इस्त्रीही. बदलायची एकच वस्तू राहिली होती, आणि ती मी अडतीस वर्षं केबिनच्या खिडकीला लावत होतो.

डॉक्टरकडे नंतर. आधी स्वयंपाकघरात जातो. तिला सांगायचंय, उद्या त्या सगळ्यांना बोलव, आणि अंगण सरळच होतं.