भुऱ्या माझ्याच मागे येतो

विठ्ठलवाडी, आश्विन अष्टमी, सन १८८१

रतन,

आशीर्वाद मागाहून देईन, आधी ऐक. दसऱ्याला देवीपुढे कापायला माझा रेडा नेमलास, आणि थोरल्या बहिणीला विचारलंही नाहीस. भुऱ्याची आई व्याली तशी मेली. मी चिंधी दुधात बुडवून त्याला जगवला. माझ्याशिवाय तो कुणाच्या मागे जात नाही, हे ठाऊक असून काल चार गडी पाठवलेस. भुऱ्याने त्यातल्या दगडूची मांडी शिंगाने फाडली, हाड दिसलं. दुसऱ्यावर धावला तेव्हा मी हाक मारली. तो गपकन थांबला, आणि थांबला म्हणूनच त्यांनी त्याला काठ्यांनी झोडला. नाकातोंडातून रक्त आलं तरी जागचा हलला नाही, माझ्याकडे बघत राहिला.

आता तुझा निरोप आलाय, "अक्का, ओढत आणलेला रेडा देवीला चालत नाही. तू पुढे चाल, तो येईल मागून." येईल ना. तुझ्या तलवारीखालीसुद्धा माझ्या शब्दावर उभा राहील. म्हणून तर मी देवळाकडे फिरकणार नाही.

तू ठाण्याहून आगगाडीने उतरशील तेव्हा गोठा रिकामा असेल. आम्ही दोघं नदीपलीकडे चाललो. हे पत्र तुला मिळालं तर नदीच्या उतारावर माणसं बसवशील, म्हणून धाडत नाही, चुलीत घालते. तरी कुणी आडवं आलंच, तर या खेपेला मी भुऱ्याला हाक मारणार नाही.

तुझी बहीण,
सगुणा