मुंगीचं कलम

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते, नाहीतर म्हणशील हिला आपलंच पडलेलं असतं. शेक घेतेस ना? आणि भावोजींचा चष्मा सापडला का? मागच्या खेपेला तो फ्रिजवर निघाला होता, तिथेही बघा. मी बरी आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय. समोरच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय आणि दिवसभर आमच्या भिंती थरथरतात.

मुंगी बरी आहे. जेवते.

येत्या रविवारी मी तिला घेऊन येते आहे, तिच्या गादी-पुस्तकांसकट. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधेच बोलतेस, मग मला रडू येतं, मग भावोजी फोन ओढून घेऊन "काय झालं, काय झालं" करत बसतात. म्हणून पत्र लिहितेय. पूर्ण वाच आणि मग काय ओरडायचं ते ओरड.

शाळेतला माझा शेतीचा वर्ग बंद झाला. सरकारकडून त्याला अनुदान यायचं, ते थांबवलं. माळीकाकांचा पगार, पंपाची वीज, लांबून येणाऱ्या मुलींची गाडी, सगळं त्यातूनच चालायचं. आता मुलांनी दुसरा कुठला तरी विषय घ्यायचा, आणि मागच्या शेतात म्हणे गाड्या उभ्या करायला जागा होणार. हे सांगताना मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट असा गरागरा फिरवत होते की मला वाटलं, तो उचलावा आणि... जाऊ दे. त्या बिचाऱ्यांच्या हातात काही नाही.

तुझी लेक माझ्याकडे राहायला आली ती या एका वर्गासाठी. पहिल्या दिवशी तिने वर्गात मला "मावशी" म्हणून हाक मारली आणि सगळा वर्ग खिदळला. तेव्हापासून आमचं ठरलं होतं, शाळेत बाई आणि घरी मावशी. ते तिने इतकं काटेकोर पाळलं की फाटकाच्या आत पाऊल टाकलं की ती मला ओळखसुद्धा द्यायची नाही. लबाड.

आता कलमांचं सांगते, कारण ते तुला कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही मुलांकडून सीताफळाची कलमं बांधून घेतो. पिशवीतलं साधं रोप असतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सांधा पक्का जुळेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हे मी मुलांना इतक्या वेळा सांगते की ती मागे माझी नक्कल करतात. त्यात मुंगी पहिली.

अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला तीन साहेब पाहणीला येणार होते. वर्गाची धावपळ बघायला तू हवी होतीस. वाफे झाडले, पिशव्या पुसल्या, माळीकाकांनी चक्क दाढी केली. आणि आदल्या संध्याकाळी, मी ऑफिसात अडकले असताना, आपल्या मुंगीच्या मनात आलं की पट्ट्या गुंडाळलेल्या काड्या बघून साहेबांना काय कळणार? जोड दिसला पाहिजे. तिने पोरांना गोळा केलं आणि रांगेने एकेक पट्टी सोडली. स्वतःचं कलम शेवटी ठेवलं होतं. तेवढ्यात मुलींना घरी नेणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला, सगळे पळाले, तिचं तेवढं राहून गेलं.

साहेब दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. त्यांना कुठे घाई होती! आणि एकदा सुटलेला सांधा परत बांधून उपयोग नसतो. ते आले तोवर उन्हाने सगळ्या काड्या काळ्या पडल्या होत्या. एका साहेबांनी एक काडी नुसती चाचपली तर ती त्यांच्या हातातच आली. त्यांनी ती हळूच परत पिशवीत खोचली. पूर्ण रांगेत एकच कलम हिरवं होतं, आणि त्यावर मुंगीच्या नावाची चिठ्ठी होती.

मग अनुदान बंद झाल्याचं कळलं. तेव्हापासून पोरांपैकी तिच्या बाकावर कोणी बसेना. तिची ती जिवाभावाची मैत्रीण, दात पुढे असलेली, तिनेही दप्तर उचलून मागचा बाक गाठला. स्वतःचं तेवढं बरं राखलं हिने, असं त्यांना वाटतं. मी वर्गात समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि बाक तसाच रिकामा राहिला.

मी वरच्या ऑफिसात जाऊन आले. त्या तिघांतले वयस्कर साहेब भेटले, माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, तुमची कलमं हिरवीगार असती तरी हेच झालं असतं. आम्ही निघायच्या आधीच वरून ठरलं होतं, सगळ्याच शाळांचं."

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"पाहणी करायची पद्धत आहे," ते म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो न पिता उठले.

घरी येऊन मुंगीला जसंच्या तसं सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "बाई, तुम्ही सगळ्यांना असंच सांगता."

ताई, घरात. स्वयंपाकघरात. बाई म्हणाली मला, आणि तुम्ही.

आणि तिचं चुकत नाही गं. वाळकी काडी बघूनही मी मुलांना "लागेल रे तुझं कलम" म्हणत आले. कोणाचं मन मोडायला नको म्हणून मी गोड बोलते हे तिने वर्गात रोज पाहिलंय. आता खरं सांगितलं तर ते तिला तसलंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली आणि आपल्या कलमाची काडी तिने हाताने मोडली. पट्टीसकट. मी खिडकीतून बघत होते. खाली जाईपर्यंत मोडून झालं होतं. रडली नाही. हात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "आता सगळ्यांचं सारखं झालं." त्यानंतर ती कामापुरतंच बोलते. आईकडे जायचं का विचारलं तर "चालेल" म्हणाली.

म्हणून तुझ्याकडे एक मागते. साहेब काय म्हणाले ते तिला तू सांग. मी गाणं म्हणायला लागले की तू उठून खिडकी लावायचीस. कोणाला बरं वाटावं म्हणून तू जन्मात काही बोलली नाहीस, तिलाही नाही. तू सांगितलंस तर तिला ते खरं वाटेल. जवळ घेऊन सांगू नकोस, तिला लगेच संशय येईल. भाजी निवडताना सांग, नेहमीसारखी चिडून.

सामानात एक पिशवी असेल, मातीची. तिच्या कलमाचा खुंट आहे. वरून मोडलाय, पण मुळाशी जिवंत आहे. नळाजवळ ठेव. त्याच्याबद्दल तिला काही विचारू नकोस.

आणि मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. वर्गाबरोबर माझंही काम गेलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात वळला नाही. थोडे दिवस मागच्या खोलीत राहीन. खोकल्याचा त्रास होईल तुम्हाला.

भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
आणि मुंगीने पुन्हा म्हटलं तर, तिची मावशी